श्रीलंकेत कोणत्या मूर्ती आणि कोणती स्मारकं बघावीत?

प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत आठ दिवस श्रीलंकेला जायचंय. नवरा-बायको आणि सासूबाई, वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात. शिल्पांची आवड आहे. एका मित्राने आधीच बजावलंय की दुसऱ्या दिवसापासून सगळे बुद्ध सारखेच दिसायला लागतात. तेव्हा आवर्जून काय बघावं आणि काय गाळलं तरी चालेल?

मित्र खोटं बोलत नाहीये. मी बरीच वर्षं तिकडे गट घेऊन जातोय आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरायला कंटाळणारे चेहरे मला पाठ झालेत. दोष मूर्तींचा नाही, कार्यक्रमाचा आहे. एकट्या दांबुलाच्या लेण्यांमध्ये दीडशेच्या वर मूर्ती आहेत. त्याच दिवशी सकाळी अनुराधापूर आणि संध्याकाळी अजून एखादं मंदिर उरकलं तर डोळे काम करणं थांबवणारच. म्हणून आधीच सांगतो, तुमच्या आठ दिवसांत सहा-सातच मूर्ती ठरवून बघा. बाकीच्या वाटेत दिसतीलच.

आता बघायचं काय? सिंहली शिल्पकाराने मुद्दामच फार थोडं ठेवलंय. कथा नाही, गर्दी नाही, अंगाला बाक नाही. बसलेला बुद्ध बहुतेक वेळा वीरासनात, म्हणजे एक पाय दुसऱ्यावर नुसता ठेवलेला; आपल्याला सवय असते त्या पद्मासनात नाही. त्यामुळे फरक शोधायचा तो चीवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, चुण्यांमध्ये, हातांमध्ये, पावलांमध्ये आणि दगडात. दगडाकडे तर लोक बघतच नाहीत, आणि अर्धी गंमत तिथेच आहे. अजून एक गोष्ट लक्षात असू द्या. आज उघड्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या मूर्ती मुळात विटांच्या किंवा लाकडी मूर्तिघरात होत्या. लांबून, मोकळ्या आकाशाखाली दिसाव्यात म्हणून त्या घडवलेल्याच नाहीत. भाविक दारातून आत यायचा, अंधाराला डोळे सरावायचे आणि मग वर मान करून चेहरा दिसायचा. हे डोक्यात ठेवून जवळ जाऊन उभं राहिलं की त्या मूर्ती वेगळ्याच वाटतात.

सुरुवात अनुराधापूरपासून करा. विमानतळावरून थेट तिकडे निघालात तर चार-पाच तास लागतात. कोलंबो शेवटी ठेवा, का ते पुढे सांगतो. अनुराधापूर हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी होतं, दहाव्या शतकाच्या शेवटी चोळांनी ते उद्ध्वस्त केलं. पसारा एवढा आहे की चालत जमत नाही. वाहन ठेवावंच लागतं, म्हणजे सासूबाईंचीही सोय होते.

इथली समाधी बुद्धाची मूर्ती चुकवू नका. उंची जेमतेम सव्वादोन मीटर, त्यामुळे मोठमोठे स्तूप बघून आलेला माणूस ‘एवढीच?’ म्हणतो. संगमरवरासारख्या डोलोमाइट दगडातली ही मूर्ती ध्यानमुद्रेत आहे. डोळ्यांच्या खाचांत एके काळी रत्नं होती असं मानतात. तिच्यासमोर उभे न राहता बसा आणि चेहरा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघा. भाव बदलल्यासारखा वाटतो. स्थानिक लोक हे कौतुकाने सांगतात, पण सांगण्याआधी स्वतः बघितलंत तर जास्त मजा. पंडित नेहरूंनी १९३१ मध्ये ही मूर्ती पाहिली होती. पुढे डेहराडूनच्या तुरुंगात असताना श्रीलंकेतल्या एका स्नेह्याने तिचा फोटो पाठवला आणि तो त्यांनी कोठडीतल्या टेबलावर ठेवला होता.

मूर्तींइतकीच इथली चंद्रशिला बघण्यासारखी आहे. पायऱ्यांच्या पायथ्याशी अर्धवर्तुळाकार दगड, आपल्याकडच्या देवळांतही तो असतो, पण अनुराधापूरला त्याची जी कला झाली तशी कुठे नाही. अभयगिरी विहाराच्या परिसरातल्या, ‘महासेनाचा राजवाडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवशेषांपाशी सगळ्यात चांगला नमुना आहे. बाहेरच्या कडेला ज्वाळांची पट्टी, मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागोमाग पळताहेत, मग वेलबुट्टी, मग चोचीत देठ धरलेले हंस आणि मध्ये अर्धं कमळ. वाकून बघा. हत्तीच्या पायाचा जोर आणि घोड्याची टाप वेगवेगळी दिसते, आणि हे सगळं कोरीव काम दगडाच्या अगदी उथळ थरात केलंय. जन्म, जरा, व्याधी, मरण असे चार प्राण्यांचे अर्थ वाटाडे घडाघडा सांगतील. तो एका अभ्यासकाचा तर्क आहे, शिलालेख नव्हे. ऐकून घ्या आणि नजर दगडावर ठेवा. हा बैल लक्षात राहू द्या, पोलोन्नरुव्यात तो पुन्हा लागणार आहे.

जवळच रत्नप्रासाद नावाच्या पडक्या इमारतीच्या दाराशी द्वारपाल-शिळा आहे: सात फण्यांचा नागराज, एका हातात पूर्णघट, पायाशी खुजा गण. देशभर अशा शिळा शेकड्यांनी आहेत. ही एक नीट बघितली की बाकीच्यांवरून नजर फिरवली तरी पुरतं.

स्तूपांपैकी दोन बघा, कारण ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रुवनवेली पांढराशुभ्र, जिवंत, दिवसभर फुलं घेऊन येणाऱ्या माणसांनी भरलेला. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात दुट्टगामणी राजाने तो सुरू केला. काम संपायच्या आत राजा मरणपंथाला लागला, तेव्हा धाकट्या भावाने अपुऱ्या भागावर पांढरं कापड चढवून त्याला ‘पुरा झालेला’ स्तूप दाखवला, अशी महावंस या जुन्या पाली बखरीतली कथा आहे. दुसरा जेतवन: उघड्या विटांचा, रंग न दिलेला. मुळात त्याची उंची १२२ मीटरच्या आसपास होती आणि गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडांनंतर जगातली ती सर्वांत उंच वास्तू होती. विटा अंदाजे नऊ कोटींच्या वर. तिसऱ्या शतकाच्या शेवटी महासेन राजाने बांधायला घेतला, त्याच्या मुलाने पुरा केला. मला विचाराल तर वास्तू म्हणून जेतवन जास्त बोलतो, कारण त्यात ती कशाने आणि कशी उभी केली ते दिसतं.

इसुरुमुनिया या इथल्याच कातळातल्या विहाराला संध्याकाळी जा. तळ्याकाठच्या कातळावर पाण्यात खेळणारे हत्ती कोरलेत आणि खालून तळ्याचं पाणी लागत असल्यामुळे ते खरंच उतरल्यासारखे दिसतात. तिथल्या छोट्या संग्रहालयात ‘इसुरुमुनियाचे प्रेमी’ हे प्रसिद्ध शिल्प आहे. राजपुत्र सालिय आणि त्याची अशोकमाला अशी लोकांची समजूत. शैलीवरून मात्र ते गुप्तकाळाच्या प्रभावातलं, म्हणजे त्या राजपुत्राच्या कित्येक शतकं नंतरचं. पुरुषाच्या मांडीवर बसलेल्या तिचं वर उचललेलं बोट बघा. नको म्हणतेय की चिडवतेय, हे कोणालाच ठरवता आलेलं नाही.

अनुराधापूरहून दांबुलाकडे जाताना थोडी वाट वाकडी करून औकनला जायचं. बहुतेक सहल कंपन्या हे गाळतात आणि मला त्याचं नवल वाटतं. बारा मीटरच्या आसपास उंचीचा उभा बुद्ध, एकाच कातळातून काढलेला, पाठीला दगडाची एक पट्टी ठेवून मागच्या खडकाशी जोडलेला. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, पण तळवा समोर नाही, बाजूला वळलेला. डावा हात खांद्यापाशी चीवर धरून. चुण्या इतक्या समांतर की ओलं वस्त्र अंगाला चिकटल्यासारखं दिसतं. नाकाच्या टोकावरून पडलेला पावसाचा थेंब बरोबर दोन पावलांच्या मध्ये पडतो, असं तिथे सांगतात. पावलांच्या मधली जागा तुम्ही स्वतः बघा आणि ओळंबा किती नेमका धरलाय त्याचा अंदाज घ्या. मूर्तीचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळीच जा. दुपारी चेहरा सावलीत जातो आणि फोटोतही काही येत नाही.

औकनच्या बाजूलाच कलावेवा हा पाचव्या शतकातला अवाढव्य तलाव आहे, धातुसेन राजाचा. मूर्तीही परंपरेने त्याच्याच नावावर आहे. या तलावातून निघालेला कालवा अनुराधापूरपर्यंत जातो आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला साधारण दहा सेंटिमीटर एवढाच आहे. हत्यारं काय असतील, विचार करा. माझ्या लेखी हे त्या देशातलं सर्वांत मोठं स्मारक आहे, फक्त त्याला तिकीट नाही म्हणून कोणी थांबत नाही. बांधावर दहा मिनिटं थांबाच, कारण पुढची कथा इथेच घडली. धातुसेनाचा मुलगा कश्यप याने गादी बळकावली आणि बापाकडे खजिन्याचा पत्ता मागितला. धातुसेन मुलाच्या माणसांना या तलावापाशी घेऊन आला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझं धन ते एवढंच. मुलाने त्याला भिंतीत चिणून मारलं. मग भाऊ मोग्गल्लान सूड घेईल या धास्तीने कश्यप जिथे जाऊन बसला, ते सिगिरिया.

सिगिरियाबद्दल सगळीकडे इतकं लिहिलेलं असतं की मी आटोपतं घेतो. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, अर्ध्या उंचीवर भित्तिचित्रं (फोटोला बंदी आहे, पाळा) आणि त्याच्या वर सिंहाचे दोन प्रचंड पंजे. जिना मुळात सिंहाच्या तोंडातून वर जायचा. डोकं कोसळलंय, पंजे उरलेत. विटा-चुन्यातल्या त्या नख्यांसमोर माणूस गुडघ्याएवढा वाटतो. सासूबाईंना वर नेण्याचा हट्ट करू नका. खालच्या पाण्याच्या बागा सपाट आहेत, सुरेख आहेत आणि तिथून पूर्ण कडा दिसतो. सकाळी उघडताक्षणी आत शिरा, नाहीतर चित्रांच्या गोल जिन्यावर रांगेत उभं राहण्यातच तास जातो.

दांबुलाची लेणी मात्र तिघांनी बघा. काही शे पायऱ्या आहेत, पण मध्ये टेकायला जागा आहेत. तिकीट खालीच घेऊन चढा. पाच गुहांपैकी दुसरी सर्वांत मोठी. तिथे बुद्धाच्या मूर्तींच्या रांगेत दोन राजेही उभे आहेत: इ.स.पूर्व पहिल्या शतकात इथे आसरा घेतलेला वलगम्बा आणि बाराव्या शतकात मूर्तींना सोन्याचा मुलामा देणारा निश्शंकमल्ल. पहिल्या गुहेत चौदा मीटरचा पहुडलेला बुद्ध आहे, पण गुहा इतकी अरुंद की तो पूर्ण एका नजरेत मावतच नाही. पावलांपासून चेहऱ्यापर्यंत चालत जावं लागतं. पायथ्याशी जो झगझगीत सोनेरी तीस मीटरचा बुद्ध दिसतो तो अलीकडचा, २००० च्या सुमाराचा. फोटो काढायचा तर काढा, वेळ घालवू नका.

आता पोलोन्नरुवा. एक पूर्ण दिवस इथेच द्या, त्यातला काटू नका. अनुराधापूर पडल्यावर चोळांनी ही राजधानी केली, मग अकराव्या शतकात विजयबाहूने त्यांना घालवलं आणि बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूच्या काळात (११५३ ते ११८६) शहर कळसाला पोचलं. आधी तलावाजवळचं संग्रहालय बघा. इमारतींवर छपरं होती तेव्हा त्या कशा दिसत असतील याच्या प्रतिकृती तिथे आहेत. त्या बघितल्यावर वटदागे नावाची गोल वास्तू नुसती दगडी कडी वाटत नाही.

वटदागेच्या उत्तरेच्या दारातली चंद्रशिला बघा. हत्ती आहेत, घोडे आहेत, पण आता एकत्र पळत नाहीत. प्रत्येकाची पट्टी वेगळी. आणि बैल गायब! चोळांच्या काळानंतर नंदी पूज्य झाला, त्याच्यावर पाय कसा द्यायचा, असं कारण बहुतेक अभ्यासक देतात. अनुराधापूरचा बैल लक्षात ठेवायला सांगितला तो एवढ्यासाठी. राज्य बदललं, शेजार बदलला आणि त्याची नोंद उंबऱ्याच्या दगडावर राहिली. त्याच परिसरात थोडं पुढे चोळांच्या काळातलं ‘शिवदेवालय क्रमांक दोन’ आहे, संपूर्ण दगडी, आणि आतल्या शिवलिंगाला आजही हार-उदबत्ती होते.

वटदागेजवळच गल पोत, म्हणजे आठेक मीटर लांब आणि सुमारे पंचवीस टन वजनाची एक आडवी शिळा. निश्शंकमल्लाने ती मिहिंतलेहून, शंभराच्या आसपास किलोमीटरवरून ओढून आणवली आणि तिच्यावर स्वतःची स्तुती कोरून घेतली. आपल्याकडचे चौकाचौकांतले फलक आठवले तर दोष माझा नाही. टोकाच्या बाजूला मात्र दोन हत्तींमधली लक्ष्मी फार गोड आहे आणि ती कोणी बघत नाही.

आणि गल विहार. एकाच लांबट कातळात चार बुद्ध: एक मोठा बसलेला, एक छोट्या गुहेत बसलेला, एक सात मीटरचा उभा आणि एक चौदा मीटरचा आडवा. लोक येतात, समोरच्या उंचवट्यावरून चारही एका फोटोत घेतात आणि निघतात. तुम्ही तिथे किमान एक तास काढा.

आधी दगड. या खडकात गडद-फिकट पट्टे आहेत आणि ते तिरके, लाटांसारखे मूर्तींच्या अंगावरून जातात. बसलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यावरूनही गेलेत. दुसऱ्या कोणी असा दगड नाकारला असता. इथे तो चेहऱ्यावर शांतपणे वाहू दिलाय आणि नजर हलत नाही. चीवराच्या चुण्या बघा, प्रत्येक रेघ दुहेरी आहे. औकनच्या एकेरी चुण्या आठवत असतील तर हा सहाशे-सातशे वर्षांचा फरक तुम्हाला कोणी न सांगता दिसेल. बसलेल्या मूर्तीच्या आसनावर सिंह आणि वज्रं कोरलीत. श्रीलंका थेरवाद या बौद्ध पंथाची; तिथे वज्र कुठून आलं, तर महायान या दुसऱ्या पंथाच्या वाटेने.

उभ्या मूर्तीने हात छातीशी एकमेकांवर ठेवलेत. ही मुद्रा फार विरळा. शेजारी बुद्ध पहुडलेला, म्हणून हा शोक करणारा त्याचा शिष्य आनंद असावा असं बरेच दिवस मानत. वाटाडे आजही तसंच सांगतात, कारण गोष्ट चांगली आहे. पण पायाखाली कमळ आहे, आणि प्रत्येक मूर्तीभोवती स्वतंत्र भिंती असल्याच्या खुणा सापडल्यात. म्हणजे मुळात या दोघांच्या मध्ये भिंत होती. दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी झालेला बुद्ध, असं त्या मुद्रेचं स्पष्टीकरण देतात. मी कोणत्याच बाजूने शपथ घेणार नाही, पण कमळ बघितल्यावर आनंदाची बाजू लंगडी पडते.

शेवटी आडवी मूर्ती. ही झोप नाही, परिनिर्वाण, म्हणजे बुद्धाचं देहावसान आहे. हे कशावरून? पावलांपाशी जा. दोन्ही पावलं तंतोतंत एकावर एक नाहीत. वरचं पाऊल किंचित मागे सरकलंय. झोपलेल्या बुद्धाची पावलं नीट जुळवलेली दाखवतात, इथे ताबा सुटलाय तो एवढ्या फरकाने दाखवलाय. मग डोक्यापाशी या. गोल लोडाच्या टोकावर चक्र कोरलंय, आणि डोकं जिथे टेकलंय तिथे लोड हलकासा दबलाय. कातळ आहे तो, तरी दबलाय. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण तुम्ही पाहिलं असेल. तिथे खाली शिष्य रडताहेत, वर देव जमलेत. इथे यापैकी कोणीच नाही. शोक करायचा तर तो बघणाऱ्याने.

पोलोन्नरुवा सोडताना तलावाच्या बांधावर दक्षिणेकडे, पोटगुल विहाराजवळ अजून एक पुतळा आहे. साडेतीन मीटरच्या आत-बाहेर, दाढीवाला, पोट किंचित सुटलेला, हातात पोथीसारखं काहीतरी. पराक्रमबाहू म्हणून तो छायाचित्रांत सगळीकडे असतो. पण मुकुट नाही, दागिने नाहीत, म्हणून काहींच्या मते हा पुलस्त्य ऋषी, म्हणजे रावणाचा आजोबा. शहराचं जुनं नाव पुलस्तिपूर होतं हे त्यांच्या बाजूचं. हातातली वस्तू पोथी की राज्याचं जू, यावरही वाद आहे. बुद्धांच्या रांगेनंतर हा एक मिस्कील, जाडजूड माणूस बघून बरं वाटतं.

पुढे दोन वाटा आहेत. कँडीला जाऊन दोन रात्री राहायचं, किंवा कँडी एका रात्रीत आटोपून एल्लाकडे उतरायचं. शिल्पांसाठीच जात असाल तर दुसरी घ्या. कँडीत दंतधातूचं, म्हणजे बुद्धाचा दात जपलेलं मंदिर आहेच, ते श्रद्धेचं ठिकाण आहे, मूर्तिकलेचं नव्हे. मंदिराच्या आवारातला लाकडी खांबांचा दरबार, मगुल मडुव, तेवढा आठवणीने बघा. २ मार्च १८१५ रोजी याच दरबारात कँडीचं राज्य इंग्रजांच्या स्वाधीन करणाऱ्या करारावर सह्या झाल्या. डोंगरावरचा मोठा पांढरा बुद्ध गावातून दिसतोच, वर चढायची गरज नाही.

एल्लाहून तासाभराच्या अंतरावर, वेल्लवाया गावाजवळ बुदुरुवगल आहे. जंगलात एका कड्यावर सात आकृती, मधला उभा बुद्ध पंधरा मीटरच्या वर, प्राचीन उभ्या मूर्तींमध्ये देशातला सर्वांत उंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे, महायानात पूजले जाणारे) आणि देवता. एका बाजूला मध्ये करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, अजून अंगावर पांढऱ्या गिलाव्याचे थर आहेत. त्याच्या शेजारी तारा देवी. दुसऱ्या बाजूला वज्र धरलेली आकृती आहे. बुद्धाच्या चीवरावर केशरी रंगाची झाक शिल्लक दिसते. म्हणजे हा सगळा कडा एके काळी रंगीत होता. नवव्या-दहाव्या शतकात इथे महायान किती जोरात होतं याचा याहून मोठा पुरावा नाही. इथे गर्दी जवळपास नसते आणि वाट सपाट आहे, सासूबाईंना सोपं.

तिथून अजून वेळ काढता आला तर मालिगाविला: अकरा मीटरच्या आसपासचा, पूर्ण सुटा उभा बुद्ध. कातळाला जोडलेला नाही, वेगळा घडवून उभा केलेला. तो पडून तुकडे झाला होता, १९९१ मध्ये जोडून पुन्हा उभा केला. सांधे दिसतात, आणि दिसू देत. आठ दिवसांत हे जमेलच असं नाही.

परतीला दक्षिण किनाऱ्याने या. वेलिगामात रस्त्याजवळच एका शिळेवर अवलोकितेश्वर आहे, कुष्ठराजगल म्हणतात. कुष्ठरोग झालेला परदेशी राजा नारळ खाऊन बरा झाला ही लोककथा. मुकुटात छोटे बसलेले बुद्ध आहेत, त्यावरून हा राजा नव्हे, बोधिसत्त्व हे कळतं. दिक्वेल्लाचा पन्नास मीटरचा बसलेला रंगीत बुद्ध याच पट्ट्यात लागतो. कला म्हणून भडक आहे, पण पाठीमागच्या अनेकमजली इमारतीत भिंतभर चित्रकथा आणि नरकाची गुहा असा सगळा बाज आहे. मला तो आवडतो, अनेकांना नाही आवडत.

गॉलहून कोलंबोकडे येताना हिक्कडुवाजवळ पेरलिय गावात थांबा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथेच ‘समुद्रदेवी’ ही आगगाडी उलटली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. जगातला हा सर्वांत भीषण रेल्वे अपघात मानतात. जपानच्या मदतीने इथे एक उभा बुद्ध उभारलाय, आणि तो बामियानच्या मूर्तीवर बेतलेला आहे, त्या २००१ मध्ये तालिबानने फोडल्या त्याच. समुद्राने नेलेल्यांच्या स्मारकासाठी माणसाने फोडलेल्या मूर्तीचं रूप कोणी निवडलं मला माहीत नाही, पण निवड अचूक आहे.

कोलंबो शेवटी ठेवा असं म्हणालो ते राष्ट्रीय संग्रहालयासाठी. सगळ्या जागा बघून झाल्यावर तिथल्या वस्तू कुठल्या ते कळतं. दाराशीच अनुराधापूरच्या तोलुविलातला ध्यानस्थ बुद्ध, त्याची समाधी मूर्तीशी मनातल्या मनात तुलना करा. पोलोन्नरुव्यात सापडलेला कांस्य नटराज. तारा देवीच्या सोनेरी मूर्तीची प्रतिकृती. मूळ मूर्ती एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि गॉलला सापडलेला त्रैभाषिक शिलालेख: चिनी दर्यावर्दी झेंग हे याने १४०९ सालचा मजकूर कोरून आणलेला. चिनी भागात बुद्धाला, तमिळ भागात विष्णूरूप देवाला आणि फारसी भागात अल्लाला नजराणा. तिघांना जवळपास सारखाच. व्यापार करायचा तर असा.

तिथून दहा मिनिटांवर स्वातंत्र्य स्मारक सभागृह. आधी कँडीचा दरबार बघा म्हणालो होतो, कारण हे सभागृह त्याचीच प्रतिकृती आहे. जिथे राज्य गेलं त्या वास्तूचं रूप ४ फेब्रुवारी १९४८ च्या स्मारकाला दिलंय. समोर पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांचा पुतळा. तुमची फेब्रुवारीतली पौर्णिमा कोलंबोत आली तर गंगाराम मंदिराची नवम पेराहेर मिरवणूकही गाठता येईल. फक्त पौर्णिमेला देशभर सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद, तेवढं धरून चाला.

जाफना आणि त्रिंकोमाली या खेपेला सोडा. अंतरं मोठी आहेत. पुढे कधी गेलात तर जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय बघा. १९८१ मध्ये ते जाळलं गेलं, नव्वद हजारांहून जास्त ग्रंथ आणि हस्तलिखितं गेली. इमारत पुन्हा बांधलीय, समोर सरस्वती आहे. तमिळ-सिंहली यादवी युद्धाबद्दल दक्षिणेतली स्मारकं जे सांगतात त्याची दुसरी बाजू तिथे कळते.

आता वागण्याबद्दल, कारण यात लोक अडकतात. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल तीन फ्रेंच पर्यटकांना निलंबित तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या ब्रिटिश महिलेला विमानतळावरून परत पाठवलं. नंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, पण सुट्टी गेली ती गेलीच. गोंदण असेल तर झाकून ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, शक्यतो पांढरे किंवा फिके. टोपी आणि चपला काढाव्या लागतात, पडक्या अवशेषांतही. दुपारी बारानंतर तिथला दगड अक्षरशः भाजतो, म्हणून सगळ्यांसाठी जाड मोज्यांचे जोड जवळ ठेवा, सासूबाईंसाठी दोन. मोजे चालतात, कोणी हरकत घेत नाही.

अनुराधापूर, पोलोन्नरुवा आणि सिगिरियाला परदेशी माणसाचं तिकीट बरंच महाग असतं, मात्र सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. त्यासाठी खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाइलमधल्या फोटोवर भागेल असं धरू नका. इसुरुमुनिया आणि औकनचं तिकीट वेगळं, तिथे श्रीलंकन रुपयांत सुटे पैसे ठेवा. आणि एखादा दिवस वाया गेलाच, गाडी बंद पडली, पाऊस लागला, तर दांबुला काटा, कँडी काटा, हवं तर सिगिरियाही काटा. औकनची सकाळ आणि पोलोन्नरुव्याचा दिवस मात्र हलवू नका.